घोणगडाचा कौल

पूर्वेच्या डोंगररांगांआडून तांबडे फुटले, तेव्हा घोणगडाच्या तटाखालची दरी धुक्याने काठोकाठ भरली होती आणि महिनाभर गडाला वेढा घालून बसलेल्या यासीनखानाच्या छावणीतली नौबत तेवढी त्या धुक्यातून वर ऐकू येत होती.

धुके विरले, तशी बुरुजावर उभ्या असलेल्या चिमाबाईला खालच्या कातळावर आपले धनी दिसले. किल्लेदार जावजी दळवी तीन दिवसांपूर्वी दारूगोळा आणायला चोरवाटेने उतरले होते, ते परतलेच नव्हते. आता त्यांचे हात मागे बांधलेले होते आणि दोहों बाजूंना नंग्या तलवारींचे हशम उभे होते.

खानाचा वकील दरवाजाखाली येऊन म्हणाला, "बाईसाहेब, माध्यान्हीपर्यंत गडाच्या किल्ल्या धाडा. किल्लेदार सुखरूप परत येतील. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा खानसाहेबांचा कौल आहे."

गडावर तीनशे माणसे होती. त्यांतली निम्मी पायथ्याच्या गावांतून आसऱ्याला आलेली बायकापोरे. असाच कौल खानाने शेजारच्या जांभळगडाला दिला होता आणि दरवाजा उघडताच तिथे सरसकट कत्तल झाली होती.

धाकटा दीर दर्याजी हात जोडून पुढे आला. "वहिनीसाहेब, किल्ल्या द्या. दादासाहेब राहिले तर असे दहा गड पुन्हा घेता येतील."

"आणि जांभळगडाची माणसं, भावोजी? ती परत आणता येतील?"

दर्याजी मागे सरला. सासूबाईंनी सुनेकडे एकवार पाहिले आणि पाठ फिरवली. मग एकेक करून सगळेच बाजूला झाले.

चिमाबाई एकटीच घोणजाईच्या देवळात गेली. शेंदराच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तिने ओली फुले लावली आणि कौल मागितला. उजवे फूल पडले तर धन्यांसाठी गड द्यावा, डावे पडले तर राखावा. ऊन गाभाऱ्यातून उंबऱ्यापर्यंत मागे सरले, तरी दोन्ही फुले जागची हलली नाहीत. तेव्हा ती मूर्तीच्या पायांवर डोके ठेवून हुंदके देत म्हणाली, "आई, त्यांना वाचव. ते होणार नसेल, तर माझा हात तरी थरथरू देऊ नकोस."

बाहेर येऊन तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि सर्वांदेखत गडाच्या खोल टाक्यात टाकला. मग बुरुजावर चढून, सगळ्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात ती वकिलाला म्हणाली, "गड राज्याचा आहे, तो द्यायचा अधिकार मला नाही. धनी माझे आहेत. ते मी आईच्या हवाली केले."

कातळावर जावजींनी मान वर केली. अंतर फार होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते, ते तिला दिसले नाही. खानाच्या इशाऱ्यासरशी तलवार खाली आली, तेव्हाही तिने डोळे मिटले नाहीत.

पुढचे नऊ दिवस गड लढला. तिच्या हुकमावाचून गडावर पान हलत नव्हते, पण तिच्याशी बोलायला कुणी धजत नव्हते. सासूबाईंनी आपली चूल वेगळी मांडली. बायका तिला पाहून वाट सोडत. सकाळी देवळात जाऊन ती घटकाभर बसे आणि पुन्हा तटावर येई.

दहाव्या दिवशी राज्याच्या सरलष्करांची फौज खिंडीतून उतरली आणि वेढा उधळला. कुलूप फोडून दरवाजा उघडला गेला. सरलष्करांनी तिला मुजरा केला आणि विचारले, "बाईसाहेब, एवढे दिवस आपण कुणाच्या आधारावर काढलेत?"

"देवीच्या."

"देवीनं कौल दिला होता?"

"नाही," चिमाबाई म्हणाली. "बोलली नाही ती. पण मला टाकून उठूनही गेली नाही."

एवढे बोलून ती गड उतरू लागली, धन्यांचा देह शोधायला. काही पायऱ्या उतरल्यावर तिला मागून काठीचा आवाज आला. सासूबाई येत होत्या. चिमाबाई थांबली आणि तिने त्यांना हात दिला.