एक पूर्णांक नऊ सेकंद

आयला रौतिओ हिला त्या सकाळी एक माणूस हवा होता. प्रेमासाठी नव्हे. तिच्या यादीतला बाविसावा उमेदवार ड्युलूथ शहराच्या बर्फात गाडी रुतवून बसला होता, म्हणून.

नेत्र-रुग्णालयाच्या वाचनखोलीच्या दारातून तिनं बाहेर पाहिलं. बाकावर एक म्हातारी बसली होती आणि शेजारी तिचा मुलगा, लोकरी टोपी कुस्करत. पस्तिशीचा असावा. डोळे निळे, आणि आयलाच्या कामाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे निरोगी.

"तुम्हाला वाचता येतं का हो?"

"लोक सहसा आधी नाव विचारतात," तो म्हणाला. "नील्स हॅगबर्ग. बंदरातला पूल जहाजांसाठी वर-खाली करतो. वाचतोसुद्धा."

"जा रे," म्हातारी म्हणाली. "कधीतरी कुणाच्या उपयोगी पड." त्या म्हातारीच्या, व्हर्नाबाईंच्या, नजरेचा मधला भाग गेला होता. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे.

नव्या वाचनतक्त्याची परीक्षा चालू होती, म्हणजे माणसांकरवी तक्त्याची. तो डोळेच मोजतो ना, आणि आज जे सांगतो तेच पंधरा दिवसांनी सांगतो ना, हे डॉ. मर्ना ग्रीली तीन वर्षं तपासत होत्या. म्हणून प्रत्येकानं दोनदा वाचायचं, पंधरा दिवसांच्या अंतरानं. दुसऱ्या वेळी वाक्यं वेगळी, नाहीतर पाठांतरच मोजलं जायचं. आयलानं पुठ्ठा सरकवून एकेक वाक्य उघडायचं, घड्याळ दाबायचं, शेवटच्या शब्दाला पुन्हा दाबायचं. सूचनाही ठरलेली, सुरासकट.

"शक्य तितक्या वेगानं, पण न चुकता, मोठ्यानं वाचा."

"काकांनी शेजाऱ्याची शिडी दुपारी परत केली आणि तिथेच बसून थोडा पाव खाल्ला," नील्सनं वाचलं. "मग?"

"मग पुढचं वाक्य."

"त्यात काका आहेत?"

"चाचणी चालू असताना मला बोलायची परवानगी नाही."

"मग आत्ता काय केलंत?"

आयलानं पुढचं वाक्य उघडलं आणि शेवटी बाविसाव्या ओळीत त्याचा वेग लिहिला. मिनिटाला एकशे ऐंशी शब्द. उत्तम.

पुढच्या पंधरा दिवसांत व्हर्नाबाईंना तीनदा रुग्णालयात यावं लागलं. तिन्ही वेळा उपाहारगृहात नील्सला आयलाच्याच टेबलावर जागा मिळाली. रानतांदळाचं सूप निवेपर्यंत तो जहाजांबद्दल बोलायचा... कुठलं भोंगा वाजवून नम्रपणे वाट मागतं, कुठलं दमदाटी करतं. ती हसायची, आणि दोनदा का वाचायचं ते सांगायची: एकदाच्या निकालावर विश्वास ठेवायचा नाही. सूप वाईट होतं. दोघांनीही तक्रार केली नाही.

मग दुसरी चाचणी झाली. एकशे बावीस.

आयलानं दिवा पाहिला. अंतर पट्टीनं मोजलं. सगळं जागच्या जागी होतं. आईचा रोग कधीकधी मुलात उतरतो, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. आता ते पुस्तक समोर खुर्चीवर बसलं होतं.

"काय झालं? काकांनी शिडी पुन्हा नेली?"

"डोळ्याच्या मागचा पडदा तपासून घ्या. इतका फरक आला की... नियम आहे."

नील्सचं हसू मावळलं. "आईलाही पहिल्यांदा असंच म्हणाले होते. नियम आहे म्हणून." टोपी पुन्हा कुस्करली गेली. "पुलावर मला दूरचं जहाज दिसावं लागतं, आयला. नाही दिसलं, तर दुसऱ्या दिवसापासून घरी."

पडद्याचा निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आयलानं ती आकडेवारी इतक्या वेळा वाचली, की तिचाच वाचनवेग वाढला असावा. निकाल आला. पडदा स्वच्छ. तिची भीती दुप्पट झाली. कारण आता एक तर न सापडणारा रोग होता, नाहीतर तक्ता खोटं बोलत होता.

"ध्वनिमुद्रण ऐकू," ग्रीलीबाई म्हणाल्या. प्रत्येक चाचणी ध्वनिमुद्रित व्हायचीच.

त्यांनी स्वतः वेळ लावली. नील्सचा आवाज आला, थांबला. बाईंनी घड्याळ दाबलं. चार सेकंद. मग शांतता... शांतता... आणि ध्वनिमुद्रणात आयलाच्या घड्याळाचा टिक् ऐकू आला. एक पूर्णांक नऊ सेकंद उशिरा. दुसऱ्या वाक्यालाही. सगळ्याच वाक्यांना.

"दोन्ही वेळा वेग एकशे ऐंशीच आहे," बाई म्हणाल्या. "तक्ता ठीक. त्याचे डोळे ठीक. बाकी एकोणचाळीस जणांच्या वेळी तुझाही अंगठा ठीक. या बाविसाव्यालाच काय झालं गं?"

आयला लाल झाली. नोंदवहीत कारण लिहावंच लागतं. तिनं लिहिलं, 'परीक्षकाचं लक्ष विचलित.'

"विचलित कुठलं? चांगलं एकाग्र होतं. खरं लिही. दिवा बिघडला की आपण दिवाच लिहितो ना?"

तिनं खोडलं आणि खरं लिहिलं. बाईंनी वाचून सही केली.

"यापुढे त्याची चाचणी मी घेणार. तू त्याला मोजायचं नाहीस. बाकी काय करावं, यावर नियमावली गप्प आहे."

नील्स उपाहारगृहात होता. सूपावर साय धरली होती. तिला पाहताच तो उभा राहिला.

"डोळे ठीक आहेत," आयला धापा टाकत म्हणाली. "अगदी ठीक. आधीसारखेच."

त्यानं ते डोळे मिटले.

"मग चूक कशात होती?"

"माझ्यात." तिनं टेबलाची कड धरली. "घड्याळ शेवटच्या शब्दाला दाबायचं असतं. मी... तुझा आवाज संपल्यावरही ऐकत बसले होते."

नील्सनं डोळे उघडले.

"एकदाच्या निकालावर विश्वास ठेवायचा नाही, असं तूच म्हणाली होतीस ना?"

"हो."

"मग पुन्हा सांग."

"आत्ता? मध्ये पंधरा दिवस जावे लागतात."

"आयला, चार दिवस झालेत. मला चार दिवसच पुरेसे झाले."

तिनं श्वास घेतला. "तुझा आवाज संपल्यावरही मी ऐकत बसले होते."

"तोच निकाल आला," नील्स म्हणाला. त्यानं तिचा तो अंगठा हातात घेतला, आणि या वेळी किती सेकंद, ते कुणीच मोजलं नाही.