जुन्या फांदीवरची फुलं

आयुष्यभर लोकांच्या बाह्या आणि कॉलरी कापलेल्या शिंप्याला चार झुडपं छाटणं काय जड? बायको इस्पितळातून घरी यायची होती. तिची बाग तिला नीटनेटकी दिसावी म्हणून त्यानं ऐन थंडीत कात्री हातात घेतली. गुलाब छाटले. हात चालतोच आहे तर तिच्या खिडकीखालचं पांढऱ्या फुलांचं झुडूपही मापात आणलं. त्याचं नाव रोपं विकणाऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं. कापलेल्या फांद्या त्यानं न्हाणीघरामागे फेकल्या. झुडूप अगदी इस्त्री केल्यासारखं दिसत होतं. स्वारी खूश!

बायकोनं पलंगावरून खिडकीबाहेर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"का? गुलाब नाही का थंडीत छाटत?"

"गुलाब नव्या फुटीवर फुलतो. हे जुन्या फांदीवर फुलतं. याची फुलं झडली की लगेच छाटायचं, मग हात लावायचा नाही. पुढच्या कळ्या तेव्हापासूनच आत धरायला लागतात." ती दम खायला थांबली. "यंदाचा सगळा बहर कापून टाकलात."

"पुढच्या वर्षी येईल की."

डॉक्टरांनी पुढचं वर्ष धरलंच नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. हा एक बहर डोळ्यांनी पाहायचा, एवढ्यासाठी ती कडू औषधं गिळत तग धरून होती. त्या दिवसापासून तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुधाचा चमचा ओठांशी नेला की मान फिरवायची. शिंप्याला आपले हात तोडून टाकावेसे वाटत. करायला गेलो एक नि झालं भलतंच, असं म्हणून सुटण्यासारखं हे नव्हतं.

हवा तापू लागली. खिडकीखालचं झुडूप नुसत्या पानांनी भरलं, औषधालाही कळी नाही. एका सकाळी तो बादली आणायला न्हाणीघरामागे गेला, तर कापलेल्या फांद्यांचा ढीग पांढराशुभ्र झाला होता.

तोडलेली फांदी पाण्यात ठेवली तर फुलते, हे त्यानं ऐकलं होतं. पण इथं पाणी कुठलं? त्यानं एक फांदी वाकवून पाहिली. ती काटकन मोडली. आत नुसता भुसा होता. टोकाची फुलं मात्र टवटवीत होती आणि त्यांना कसलाच वास नव्हता.

त्याला ते बरं वाटलं नाही. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथं तर कवेत मावणार नाहीत इतक्या काड्या होत्या. त्यानं त्या उचलून आत नेल्या.

ती भिंतीकडून वळली. फुलांत तोंड खुपसून रडली. तोही रडला.

"थांब, पाण्यात ठेवतो."

"नको," ती म्हणाली. "आता त्यांना पाणी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली होती. तिनं वेणी घातली, त्याच्या विरलेल्या सदऱ्यावरून त्याची थट्टाही केली. खोकला थांबला होता. दूध तिनं तसंच परत दिलं. भूक नाही म्हणाली, आणि दुखतही नाही.

आठवडा झाला. एकही पाकळी गळली नाही. फुलांना मुंगीसुद्धा लागली नाही.

तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तिला तपासायला घरी येणारी नर्स सुटीवरून परतली. "अगंबाई, वेणी घालून बसलात!" असं म्हणत ती पलंगाशी गेली. शिंपी दारातच उभा राहिला. तिला हात लावायचं तो दोन दिवस टाळत होता.

नर्सनं मनगट धरलं. घड्याळाकडे पाहिलं.

बोटं जराशी वर सरकवली. मग खाली.

तिचं हसू मावळलं. तिनं दुसरं मनगट धरलं.

"किती गरम आहेत हो तुमची बोटं," बायको कौतुकानं म्हणाली.