भरलीय, जा

झांबेझीकाठच्या आमच्या शिकारी कॅम्पवर रात्रीचा मक्याच्या पिठाचा साड्झा खाऊन झाला, की स्वयंपाकी म्हातारा माशाया शेकोटीशी बसून ही गोष्ट सांगतो. ग्विन्याई त्याचा सख्खा भाचा, म्हणून खरी समजायची.

"गेल्या ऑगस्टातली अमावास्या, शनिवार. ग्विन्याईला काम साधंच होतं. झाडीत पडलेली रायफल उचलून आणायची."

"रात्री? कुणी पाठवलं?" मी विचारलं.

"सेकुरू, म्हणजे आजोबा, गुंबोंनी. मुख्य शिकारी ते."

रानरेडा ज्याच्या गोळीने जखमी झाला, त्यानेच त्याच्या मागे झाडीत शिरायचं, ही इथली रीत. त्या दुपारची गोळी गुंबोची होती. पण गुडघा नेमका तेव्हाच दुखला. घाबरलेल्या म्हाताऱ्याने बोल्ट अर्धाच ओढून परत सारला. नवं काडतूस नळीत चढलंच नाही. रायफल टापेराच्या, हाताखालच्या शिकाऊ पोराच्या, हातात कोंबून म्हणाला, "भरलीय, जा." पोराकडे परवानाही नव्हता. रेड्याचा माग काढत ग्विन्याई त्याच्यासोबत होता. रेडा टापेराच्या अंगावर आला तेव्हा ग्विन्याईला गोळीचा आवाज आलाच नाही. नुसतं... टक्.

संध्याकाळी टापेराचं प्रेत ताडपत्रीत गुंडाळून शेडमध्ये ठेवलं. सकाळी पोलीस येणार. त्याआधी रायफल गुंबोच्या कपाटात दिसायला हवी होती.

"आणि तुम्ही सगळे म्हातारे बघत बसलात?"

"गोष्ट ऐकायचीय की पंचायत भरवायचीय?"

"सांगा. ऐकतोय."

ग्विन्याई टॉर्च घेऊन शिरला. रायफल सापडली. दस्ता रक्ताने चिकट. तो वाकला, उचलली.

समोर कुणीतरी फुरफुरलं.

टॉर्च पडली. त्याने बोल्ट खेचला. घाईत... अर्धाच. चाप ओढला.

टक्.

फांद्या मोडत होत्या. जवळ... आणखी जवळ.

मग त्याच्या हातावर हात आला. मागून. थंडगार. त्या हाताने बोल्ट मागे ओढला. सावकाश. अगदी शेवटपर्यंत. मग पुढे.

"आणि?"

माशायाने विस्तवात एक काटकी सारली.

"रेडा त्याच्या पायाशी येऊन पडला."

ती रायफल असा दणका देते, की मोठमोठे गोरे आठवडाभर खांदा धरून फिरतात. ग्विन्याईने कॅम्पवर येऊन शर्ट काढला. खांद्यावर डागसुद्धा नाही.

"सकाळी टापेराच्या मामांनी आंघोळ घालायला ताडपत्री सोडली. उजव्या खांद्यावर दस्त्याएवढा काळानिळा डाग."

"रेड्याने मारल्याचा असेल."

"गुंबोही तेच म्हणाले. पण बाळा, गुंडाळायच्या आधी तो खांदा मी स्वतः पुसला होता. कोरा होता."

माशाया उठून भांडी गोळा करायला लागला.

"आणि आम्ही बघत होतो तोवर... डाग पसरतच होता."