तिसऱ्या खड्ड्यातलं विरजण

कागदाची पट्टी नारिंगी व्हायला हवी होती. ती पिवळी झाली, आणि कडेने किंचित हिरवट.

चारा-प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती रंगांच्या तक्त्याशेजारी धरली. मनात तीसपर्यंत आकडे मोजले. रंग बदलला नाही.

"पीएच सहाच्या आसपास. साडेचारच्या आत हवं. हा मुरघास आंबलेला नाही, सडलाय."

चारा दाबून मुरवायच्या तिसऱ्या खड्ड्यातून खवट लोण्यासारखी घाण येत होती. मालकीण ताईंनी नाकाला पदर लावला होता. त्यांच्या धाकट्या भावाने रुमाल. तो सकाळीच शहरातून गाडी हाकत आला होता. पलीकडे गोठ्यात हाच चारा खाल्लेल्या नऊ गाई बसून होत्या. त्यातल्या दोन कालपासून उठल्याच नव्हत्या.

"मॅडम, कुंपणच शेत खातंय," धाकटा म्हणाला. "घास कापणारा हा, खड्डा भरणारा हा, गाईंपुढे टाकणाराही हाच. संध्याकाळपर्यंत कारण सांगा. नाहीतर मी पोलिसांना बोलावणार, आणि याचं बिऱ्हाड आजच रस्त्यावर."

'हा' म्हणजे गोठ्यातला जुना गडी; सगळे त्याला मामा म्हणत. चाऱ्याचं काम करता करता त्याचे केस पांढरे झाले होते. गोठ्यामागच्या दोन खोल्या हेच त्याचं घर होतं. अंगात गडद निळा सदरा. पाठीवर फिकट तांबूस ठिपके, वरून खाली ओघळलेले.

बाईंनी मूठभर मुरघास त्याच्यापुढे धरला. "मामा, वास कसा आहे?"

मामाने हुंगलं. "आंबूस. बरा आहे."

"बरा?" धाकटा ओरडला. "अरे, मेलेल्याला उठवेल असा वास आहे!"

"त्याला सर्दी आहे," ताई चटकन म्हणाल्या.

बाईंनी मामाकडे पाहिलं. नाक कोरडं, आवाज मोकळा. त्या खड्ड्याच्या कडेला बसल्या.

"पहिले दोन खड्डे उत्तम आहेत. लसूणघास त्याच शेतातला?"

"तीच कापणी. सुकवलाही तेवढाच. मुठीत पिळला तर थेंब पडत नव्हता."

"वरचा प्लॅस्टिकचा कागद फाटला होता? हवा शिरली?"

"नाही हो. मी स्वतः चालून दाबलाय."

"आणि विरजण?"

मुरवायच्या जिवाणूंच्या भुकटीला तिथे सगळे विरजणच म्हणत.

"प्रत्येक खड्ड्याला चार पुड्या. ड्रमातल्या पाण्यात कालवायच्या, पंप पाठीवर घ्यायचा, थरावर थर फवारायचा. पंप जरा गळतो."

"हाच सदरा होता?"

"फवारणीचा हाच. तिसऱ्या खड्ड्याच्या दिवशी कोरा होता. एका दिवसात वाट लागली त्याची."

"ड्रम कोण भरतं?"

"ताई भरून ठेवतात. दूध काढायचं यंत्र धुऊन झालं की."

"खड्डा उघडला तेव्हा ताई होत्या?"

"नव्हती. चार दिवस माझ्याकडे होती," धाकटा म्हणाला. "पाठ वळली आणि याने डाव साधला."

बाई उठल्या. गोठ्यात एका गाईने मान लांबवून जमिनीवर टेकवली. गुरांचे डॉक्टर तिच्या शिरेत औषध सोडत होते. त्यांनी इकडे पाहून नुसती मान हलवली.

"मामांनी काहीही बिघडवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "हा घास मुरवायला अवघड. साखर कमी, आणि आम्ल पचवून टाकण्याची खोड. आंबट व्हायला तयारच होत नाही. म्हणून विरजण लागतं. ते चांगलं असेल तर घास टिकतो, गाईला पचतो, दूध वाढतं. ते नसेल तर कुजवणारे जंतू जिंकतात."

"मग पुड्या खराब होत्या," धाकटा म्हणाला.

"त्याच खोक्यातली एक उरली होती. डॉक्टरांनी ती काल माझ्याकडे पाठवली. मी कोमट साखरपाण्यात टाकून ठेवली. सकाळी पाणी आंबट झालं होतं. विरजण जिवंत होतं. मेलं ते ड्रमात."

"कशाने?"

"मामांच्या पाठीकडे बघा. कोऱ्या निळ्या सदऱ्याचा रंग एका दिवसात उडतो तो कशाने? यंत्र धुवायच्या क्लोरीनने. जंतू मारायलाच ते बनवलंय. चांगले-वाईट ते ओळखत नाही. चुकून पडलेल्या थेंबाने कापडाचा रंग जात नाही. कोणीतरी डबाभर ओतलंय."

धाकट्याने रुमाल खाली घेतला. "पण वास आला असता की त्याला."

"आला नाही. मामांना वासच येत नाही. कधीपासून, मामा?"

मामाने मान खाली घातली. "तापानंतर. दोन वर्षं झाली. चारा हुंगता येत नाही असा माणूस कोण ठेवील, बाई?"

"हे कोणाला माहीत होतं?"

 मामाची नजर ताईंकडे गेली.

"मघाशी त्यांनीच सर्दीचं सांगितलं," बाई हळू म्हणाल्या. "ताई, तुम्ही एक बाजू पाहिली: मामांना क्लोरीनचा वास येणार नाही. दुसरी राहिली. त्यांना सडल्याचाही येणार नव्हता."

ताई खड्ड्याच्या कडेला बसल्या. पदर नाकावरून केव्हा सरकला ते त्यांना कळलं नाही.

"मला वाटलं, उघडल्यावर फेकून देतील," त्या म्हणाल्या. "चारा संपेल. गाई दुसरीकडे द्याव्या लागतील. कोणाला काही म्हणता येणार नाही. मी परत यायच्या आतच खड्डा उघडेल, आणि मामा तो चारा गाईंपुढे टाकतील, असं वाटलंच नव्हतं... मी वासरं असल्यापासून वाढवल्यात त्या."

"ताई, तू?" धाकट्याचा आवाज चिरकला. "आणि मी याला पोलिसांत देत होतो, तेव्हा तू गप्प उभी राहिलीस?"

"राहिले."

"अगं, पण का? मला नुसतं सांगायचंस!"

"कधी सांगायचं? दर फोनला तू म्हणायचास, ताई आहे म्हणून बाबांचा गोठा उभा आहे. बाबा जाताना माझा हात धरून हेच म्हणाले. बावीस वर्षं पहाटे चारला उठतेय मी. एकदाही कोणी विचारलं नाही."

मामा ताईंपासून हातभर अंतरावर टेकला. रागावलेला दिसत नव्हता, नुसता थकलेला.

"आता विचारतो," धाकटा म्हणाला. "काय हवंय तुला?"

ताईंनी आधी गोठ्याकडे पाहिलं, मग मामाकडे.  

"खोल्या मामांच्या नावावर करायच्या. या गाई उभ्या राहिल्या की चांगल्या घरी द्यायच्या. आणि गोठा बंद. मला नाही चालवायचा."