हातभर माती

१९६१ च्या मे महिन्यात मालवण तालुक्यातल्या जमिनींची वर्गवारी करून नकाशा रंगवायचं काम माझ्याकडे होतं. खाडीकाठच्या खाऱ्या खाजणाला निळा, भातशेतीला हिरवा, बागायतीला पिवळा आणि पडीक जमिनीला राखाडी. त्या राखाडीची मला मनापासून चीड होती. पडीक ठरेल ती जमीन सरकारी लागवडीला जाणार होती. नियम आमच्या वरिष्ठांनी, अभ्यंकर साहेबांनी, पुण्यात बसून केलेला. जमिनीत लोखंडी सळई दाबायची, हातभर आत गेली तर शेत, अलीकडेच कातळाला अडली तर पडीक. असले नियम करणाऱ्याला भर दुपारी आमच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, अनवाणी उभं करायला हवं.

वायंगणीच्या सड्यावर शेवंतीचं शेत होतं. नजर जाईल तिथवर काळाठिक्कर जांभा आणि मध्येच लाल मातीचा एवढासा तुकडा, भोवती दगडी बांध. ती माती मूळची तिथली नव्हतीच. शेवंती आणि तिचा नवरा विश्राम यांनी ती खालच्या व्हाळाकाठून, म्हणजे ओढ्याकडून, पाट्यांनी डोक्यावर वाहून कातळावर पसरली होती. पावसात थोडी वाहून जायची, उन्हाळ्यात पुन्हा घालायची. घरचं वर्षाचं भात त्यावरच निघायचं. आता विश्राम नव्हता. व्हाळाकडून घाटीची चढण चढताना, डोक्यावर पाटी असतानाच तो कोसळला होता.

मी सळई दाबली. वीतभरावर टण् वाजलं.

"पडीक लिवतलात?" शेवंतीने विचारलं.

"नियम आहे, बाई." म्हणताना माझी मलाच लाज वाटली.

"उद्या येवा. माती घालूचा काम चालू आसा."

दुसऱ्या दिवशी सळई सहज हातभर गेली. मी बांधाकडे पाहिलं. जमीन कालच्यापेक्षा बोटभरही वर आलेली नव्हती. माती वाढली होती ती खाली, कातळात. सडा उन्हाने तापला होता आणि त्या तुकड्याला मात्र व्हाळाकाठच्या ओल्या चिखलाचा वास येत होता.

"कोणी घातली?"

"घरकारांनी," ती म्हणाली. घरकार म्हणजे विश्राम. मी नकाशात हिरवा रंग भरला.

तो हिरवा ठिपका साहेबांना खुपला. जीप काढून ते स्वतः आले.

"या बाईने काय चारलं तुम्हाला?" शेवंतीसमोरच त्यांनी विचारलं.

माझं टाळकं सरकलं. "ही घ्या सळई आणि स्वतः दाबा!" मी ओरडलो.

त्यांनी दाबली. सळई मुठीपर्यंत आत गेली. साहेबांनी क्षणभर खाली पाहिलं आणि मान झटकली.

"भेग असेल. कातळाला भेगा असतात. राखाडी करा."

साहेब सळई ओढू लागले. ती निघेना. मीही हात लावला.

खालून कोणीतरी ओढली.

एकदाच. जोरात.

मग सुटली.

सळईच्या टोकाला ओली माती थापलेली होती. त्या मातीत मूठ आवळल्याचा ठसा होता. अंगठा धरून चारच बोटांचा.

शेवंतीने वाकून पाहिलं. "करंगळी कोयत्यान गेलली तेंची," ती म्हणाली.

साहेब रुमालाने पुन्हा पुन्हा तळवे पुसत होते.

"हिरवाच राहू दे," शेवटी ते म्हणाले. मी तिथेच, जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून त्यांची सही घेतली. मला अजून त्यांचा राग येत होता.

शेवंतीने सही होताना पाहिली. मग ती शेताच्या मधोमध गेली, गुडघे टेकून मातीजवळ तोंड नेलं.

"आयकलात? शेत म्हणान लिवल्यानी. आता पुरे झाला. वर येवा."

आणि खांद्यावरचा कोरडा पंचा हातात घेऊन ती बांधावर वाट बघत बसली.