दिवेवाली, मोजणीवाला आणि डावी भिंत

दिवेवाली शिडीच्या टोकाशी उभी होती, ओठांत दोन स्क्रू धरून, आणि छतातला दिवा काही केल्या जागेवर बसत नव्हता. आणि खाली... खाली एक मुलगा वेड्यासारखा चालत होता! दोन पावलं टाकायची, थांबायचं, हातातल्या फोनकडे बघायचं, मान हलवायची. पुन्हा दोन पावलं.

तिनं स्क्रू तोंडातून काढले.

"अहो, काही हरवलंय का?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग एकदाचं वर पाहिलं.

"हो," तो म्हणाला, "मीच."

"अय्या! मग पोलिसांना कळवू?"

"इतक्यात नको. हा फोन म्हणतोय, मी त्या जिन्यापाशी उभा आहे."

जिना होता हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला! दिवेवाली इतकी हसली की शिडीच हलली. तो धावत आला, त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली... आणि मग दिवा बसला, स्क्रू पिळून झाले, ती खाली उतरली, तरी पठ्ठ्या शिडी धरूनच उभा!

"सोडा आता. पळून नाही जाणार ती," ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. छान दिसत होता, खरं सांगायचं तर.

हा हॉल म्हणजे एका मोठ्या ग्रंथालयाचं तळघर. छताला भिडणारी कपाटं, मधून अरुंद गल्ल्या, आणि जुन्या कागदाचा तो गोडसर वास. चांगले डोळस लोकही इथे चुकायचे. ग्रंथपालबाईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. ज्यांना कमी दिसतं, अशा वाचकांनी फोन हातात धरावा आणि फोननं बोलत बोलत त्यांना हव्या त्या कपाटापाशी नेऊन सोडावं. कुणाचा हात धरायला नको, कुणाची मनधरणी नको. पण जमिनीखाली उपग्रहाचा सिग्नल पोचतो कुठे? म्हणून त्यांनी दिवेवालीला आणि या मोजणीवाल्या मुलाला बोलावलं होतं.

दिवेवालीचे दिवे साधेसुधे नव्हते. प्रत्येक दिवा इतका भराभर लुकलुकायचा की डोळ्यांना पत्ताही लागू नये, पण फोनच्या कॅमेऱ्याला बरोबर कळायचं. प्रत्येकाची लुकलुकण्याची तऱ्हा वेगळी. तीन दिवे दिसले की फोननं जागा सांगितलीच, वीतभरही चूक नाही. मोजणीवाल्याची सगळी मदार भिंतींवरच्या वायफायच्या डब्यांवर. कुठे उभं राहिलं की कुठल्या डब्याचा सिग्नल किती जोरात येतो, ते तो जागोजागी मोजायचा आणि त्याचा नकाशा करायचा. मग फोन त्या नकाशाशी ताडून पाहायचा आणि सांगायचा, तू साधारण इथे आहेस.

"साधारण!" दिवेवालीनं नाक मुरडलं. दोन दिवसांत 'अहो' जाऊन 'अरे' आलं होतं. "मी आईला सांगते का, साधारण घरी आहे म्हणून?"

"आणि तुझे दिवे? कॅमेऱ्यावर बोट आलं की संपलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"माझे दिवे दिसतात तेव्हा खरं तरी बोलतात! तुझा सिग्नल कपाटावर आपटतो, भिंतीवर आपटतो, आणि परत येऊन थापा मारतो."

"म्हणून तर दोघं लागतात," तो म्हणाला. "दिवे झाकले की सिग्नल सांभाळेल. सिग्नल बहकला की दिवे वळणावर आणतील."

"माझ्या दिव्यांना सोबत लागत नाही."

"माझ्या सिग्नलला लागते," असं तो इतक्या हळू म्हणाला, की दिवेवाली मान खाली घालून पिशवीतले स्क्रू मोजू लागली. ती! जिच्या जिभेला हाड नाही असं सगळं घर म्हणायचं, ती!

पण हे काम तिच्यासाठी नुसती मजा नव्हती. मामाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात ती शिकली, शिडीवर चढली, दोन-चारदा शॉकही खाल्ले. मामा तिला लाडानं ठिणगी म्हणायचा, वैतागला तरी ठिणगीच. "ठिणगे," तो म्हणाला होता, "एक काम एकटीनं पार पाडून दाखव. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पाटीवर तुझं नाव." तेच हे काम. शुक्रवारी ग्रंथपालबाई स्वतः डोळ्यांवर रुमाल बांधून चालणार होत्या. कपाटापाशी पोचल्या तर काम पक्कं. नाहीतर सगळे दिवे उतरवायचे आणि गुपचूप दुकानाच्या काउंटरमागे जाऊन बसायचं.

ती घाबरली नव्हती हं. तिला माहीत होतं, आपलं काम चोख आहे.

दिवे लावून झाले. मोजणी मात्र संपता संपेना. "चल, मीही येते," ती म्हणाली, आणि त्याच्या डाव्या हाताला चालू लागली. उजव्या हातात त्याचा फोन असायचा ना! त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

मग रोज दुपारी तेच. तो मोजायचा, ती बोलायची. लहानपणी मिक्सर उघडून पुन्हा जोडला तेव्हा दोन भाग कसे उरले आणि तरी तो कसा चालला, ते सांगितलं. आईला अजून माहीत नाही, हेही सांगितलं. त्याला शिट्टी वाजवता येत नाही हे तिला कळलं, आणि तिनं अख्खी एक गल्ली त्याला शिकवण्यात घालवली. नुसती हवा! कधी ती पलीकडच्या गल्लीत जायची आणि पुस्तकांच्या फटीतून पाहायची, तर दोन डोळे आधीच तिच्याकडे बघत असायचे.

"मोज की!"

"मोजतोय..."

"फोन तिकडे आहे, साहेब."

शुक्रवार उजाडला. दोघं दाराजवळच्या टेबलाशी बसले, समोर संगणकाचा पडदा, पडद्यावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे ग्रंथपालबाई. डोळ्यांवर घट्ट रुमाल, हातात फोन, आणि चाल अशी ऐटबाज की वाटावं, त्या परेडला निघाल्यात.

"सरळ चला," फोन बोलला. बाई सरळ चालल्या. "डावीकडे वळा." वळल्या. दिवेवालीनं टेबलाखाली मूठ आवळली. जमतंय!

मग बाई अरुंद गल्लीत शिरल्या. खांदा एका कपाटाला घासला, तशा त्या जराशा बिचकल्या आणि त्यांनी फोन छातीशी गच्च धरला. कॅमेरा झाकला गेला. दिवे गेले.

"काळजी नको," मोजणीवाला पुटपुटला. "आता माझी पाळी."

"थोडं उजवीकडे," फोन म्हणाला. "अजून उजवीकडे..."

धप्प! बाईंचं नाक शब्दकोशांच्या कपाटावर आदळलं.

त्यांनी रुमाल सोडला, नाक चोळलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी चहा पिऊन येते. मग पुन्हा एकदा चालेन. या वेळी नाक फुटलं, तर तुमच्या शिड्या उचला."

बाई गेल्या. दिवेवालीनं पडदा आपल्याकडे ओढला. "रडायचं नंतर. आधी बघू."

नकाशातले आकडे एका बाजूला, बाईंच्या चालण्याचे दुसऱ्या बाजूला. उजव्या भिंतीवरचे डबे अगदी जुळत होते. डाव्या भिंतीवरचे मात्र सगळेच्या सगळे नकाशापेक्षा जोरात.

"म्हणून फोनला वाटलं, बाई डाव्या भिंतीला चिकटल्यात," ती म्हणाली. "म्हणून उजवीकडे ढकलत राहिला. पण डावीकडचेच का? मोजताना मध्ये काही होतं का? कपाट, पाण्याची टाकी..."

त्यानं टेबलावरची धूळ बोटानं पुसली.

"अरे बोल ना! तुझ्या डावीकडे काय होतं?"

"तू," तो म्हणाला.

दिवेवालीनं पडदा बाजूला सारला.

"माणसाच्या अंगात पाणीच जास्त. ते सिग्नल शोषून घेतं," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "आपण रोज प्रत्येक गल्लीत दाराकडूनच आत शिरायचो, आणि तू माझ्या डावीकडे चालायचीस. तिकडचा सगळा सिग्नल अडला... सगळ्या नकाशात तू उभी आहेस."

"हे तुला माहीत होतं?"

"मोजणीचा पहिलाच नियम आहे. मोजताना एकटं चालायचं. मला वाटलं, एका माणसानं असा कितीसा फरक पडतो... म्हणजे, तसं वाटून घेतलं."

"मग बाजूला हो, एवढं म्हणायला काय धाड भरली होती?" तिचा आवाज चढला. पाटी, मामा, काउंटर, सगळं डोळ्यांसमोर गरगरलं. "एक शब्द! एक शब्द बोलायचा होता!"

"रोज ठरवायचो, उद्या सांगू. पण सांगितलं असतं..." त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "तर तू गेली असतीस."



दिवेवालीचं काळीज धडधडत होतं. रागानं? हो, थोडं रागानंही. पण बाई कोणत्याही क्षणी येणार होत्या.

"ऊठ," ती म्हणाली. "ती गल्ली पुन्हा मोज. एकट्यानं. मी त्या टोकाला, जिन्यापाशी उभी राहते."

"आणि मी जे बोललो..."

"आधी गल्ली!"

तो चालू लागला. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. लांबून त्याच्याकडे बघताना तिला जाणवलं, ही जागा रिकामी अजिबात शोभत नाही! एकदा तो थांबला आणि त्यानं सवयीनं डावीकडे मान वळवली. तिथे नुसती पुस्तकं होती. दिवेवालीनं ओठ दाताखाली धरला. तिचा राग तिथेच, जिन्यापाशी, विरघळला.

चहा संपवून बाई आल्या. रुमाल बांधला. सरळ, डावीकडे, अरुंद गल्ली... पुन्हा फोन छातीशी! दिवे गेले. निळा ठिपका क्षणभर थरथरला, आणि मग गल्लीच्या बरोबर मधून पुढे सरकला. गल्ली संपली, फोन पुन्हा वर आला, दिव्यांनी ठिपका नेमका धरला.

"थांबा. हात पुढे करा," फोन म्हणाला.

बाईंनी हात पुढे केला आणि पुस्तक ओढलं. हवं होतं तेच! रुमाल सोडून त्या हसल्या, अगदी मनापासून.

"काम पक्कं. पण मघाशी काय बिघडलं होतं ते कळू दे मला."

मोजणीवाल्यानं घसा खाकरला. "बाई, चूक माझी. दिव्यांचा काही दोष नाही. मोजताना मी... एकटा नव्हतो."

"नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता."

"मग?"

दिवेवाली पुढे झाली, अगदी ताठ मानेनं.

"मग असं आहे बाई, की त्याला मी आवडते. मला तो आवडतो. एवढं एकमेकांना सांगायचं राहिलं, म्हणून तुमच्या नाकाला लागलं. बाकीच्या गल्ल्या तो उद्यापासून एकट्यानं मोजेल. मी जिन्यात बसेन. वचन."

मोजणीवाला तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि भिंतीवरच्या 'शांतता पाळा' या पाटीकडे बोट दाखवून त्या वर निघून गेल्या. पाठमोऱ्या बाईंचे खांदे मात्र हसत होते.

"खरंच?" तो कुजबुजला. "म्हणजे... तू आत्ता बोललीस ते..."

"साधारण," ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा काही पडला की तिला राहवेना. तिनं त्याच्या हातातला फोन घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि त्या रिकाम्या हातात आपला हात दिला.

"नाही रे वेड्या. नेमकं."