गुळवेल

दौंडहून येताना एसटी वरवंडला पंक्चर झाली. डब्यातला बर्फ वितळून गेला होता आणि माझं इंजेक्शन कोमट व्हायला लागलं होतं. मी तडक समोरच्या कुल्फीच्या दुकानात घुसले.

"ओ, हे जरा फ्रीजमधी ठेवा. पण गोठवू नका हं... वाया जाईल."

"कुल्फी घेणार असाल तर ठेवतो," दुकानदार म्हणाला.

"अडवणूक करताय व्हय?"

"न्हाई, ओळख वाढवतोय." मेला हसलाही इतका गोड!

त्याचं नाव माऊली. पुढं दर महिन्याला, एसटी धड असतानाही मी वरवंडला उतरायला लागले. एकदा त्यानं इंजेक्शनचं विचारलंच.

"ल्युपस हाय मला. पेशींवर बेल असते, जंतू आला की वाजायची. माझी दारात कुणी नसताना वाजते. मग शरीर घरच्यांनाच झोडपतं. हे इंजेक्शन बेलचं बटण झाकून ठेवतं."

त्यानं माझ्या गावाचं नाव तेवढं विचारून घेतलं. दोन दिवसांनी फटफटीवरून कासुर्डीला, आमच्या मळ्याच्या कडेला हजर. हातात बाटली.

"गुळवेलीचा काढा. मी स्वतः उकळलाय, मोनाली. इम्युनिटी वाढंल तुझी."

अरे देवा! माझी तर आधीच नको तेवढी होती. असलं काही घ्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण त्याच्या बोटांवर चटक्याचे फोड होते... मी प्याले. मग येईल तेव्हा प्याले. कडूजहर! पण पिऊन होईस्तोवर तो माझ्याकडं बघत बसायचा ना.

दिवाळीच्या आत तोंड सुजलं, लघवीतून रक्त गेलं. पुण्याला ॲडमिट केलं.

"काय घेत होतीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शेजारी आई होती. मी भिंतीकडं बघत राहिले.

"काढा," दारातून आवाज आला. माऊली! "गुळवेलीचा. मीच द्यायचो."

आईनं कपाळावर हात मारला.

"त्यानं दुखणं भडकलं असेल," बाई म्हणाल्या. "किडन्यांना मार बसलाय. दुसरं औषध सुरू करतेय. लागू पडेलच, असं नाही सांगू शकत."

त्यांच्या मागोमाग आई रडत बाहेर गेली. तो खाटेपाशी आला.

"दारातली वेल मुळासकट उपटली," तो म्हणाला. "अगं, सांगितलं का न्हाईस?"

"काढा बंद झाला असता... आन् तुझं येणंपण."

"येडे! मी काय काढ्यासाठी येत होतो?" त्याचे डोळे भरून आले. "तू पायजे मला."

"मलापण तूच पायजेस. लई भीती वाटतीय रे..." मी डोळे पुसले. "आज काय आणलंस?"

त्यानं दोन्ही तळवे पुढं केले. रिकामे. फोडांचे डाग अजून होते.

"काहीच न्हाई."

"मग दे इकडं," मी म्हणाले आणि सलाईन नसलेल्या हातानं त्याचा हात धरला.